अंकुरकांच्या आड राहिलेला स्नायू

वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी ऊतिविज्ञानाच्या प्रात्यक्षिकांत पट्टकी स्नायूची स्लाइड आधी येते, जिभेची पुष्कळ नंतर. पहिली सामान्य ऊतींच्या धड्यात, दुसरी अवयवांच्या. स्नायूच्या स्लाइडवर समांतर धावणारे लांब तंतू, त्यांच्या कडेला सरकलेली केंद्रके आणि आडव्या पट्ट्या दिसल्या की काम झाले. जिभेच्या स्लाइडवर विद्यार्थी वरचा काठ मन लावून काढतो: अंकुरकांचे उंचवटे, त्यांच्यावरचा अभिस्तर, खंदकाच्या भिंतीत बसलेल्या रुचिकलिका. गुलाबी आणि जांभळ्या पेन्सिलींचा उत्साह तिथेच संपतो. खाली उरलेल्या मोठ्या जागेत काही उभे, काही आडवे, काही तिरके तुकडे रेखाटून ‘सर्व दिशांना जाणारे स्नायुतंतू’ एवढे लिहिले जाते. स्लाइड ओळखायला तेवढे पुरतेही. तंतू सर्व दिशांना का जातात, हे मात्र तोंडी परीक्षेतही सहसा कोणी विचारत नाही. माझे म्हणणे असे की जिभेच्या सूक्ष्मरचनेतला मुख्य प्रश्न तोच आहे. जीभ हा प्राधान्याने स्नायूचा अवयव आहे, आणि तिच्यातला स्नायू ‘आदर्श’ पट्टकी स्नायूच्या चित्रात बसत नाही. अभ्यासाची वाटणी अशी झाली की चवीच्या अभ्यासकांनी स्नायू सोडून दिला आणि स्नायूच्या अभ्यासकांनी जीभ सोडून दिली. तिचा परिणाम पाठ्यपुस्तकापुरता राहिलेला नाही; कर्करोगाच्या अहवालापर्यंत तो पोचतो.

गंमत म्हणजे सुरुवातीला ही वाटणी इतकी पक्की नव्हती. दोन्ही विषय एकाच दशकात जन्मले. इटलीत मार्चेल्लो माल्पीगीने बैलाची जीभ उकळून तिचे वरचे आवरण सोलले आणि त्याखाली त्याला अंकुरकांची रांग दिसली. ते निरीक्षण १६६५ साली छापले गेले. त्याच वर्षी लोरेंझो बेल्लिनीनेही अंकुरकांनाच चवीचे इंद्रिय ठरवले. याच सुमारास डेन्मार्कचा निकोलस स्टेनो स्नायूकडे भूमितीच्या नजरेने पाहत होता. १६६७ सालच्या आपल्या ग्रंथात त्याने असे मांडले की स्नायू आकुंचन पावतो तेव्हा तो फुगलेला दिसला तरी त्याचे एकूण आकारमान वाढत नाही. नसांमधून काही सूक्ष्म द्रव्य येऊन स्नायू फुगवते, ही तेव्हाची प्रतिष्ठित समजूत होती. हॉलंडमध्ये यान स्वामरडामने बेडकाचा स्नायू काचेच्या नळीत ठेवून, नळीच्या बारीक टोकाशी पाण्याचा थेंब अडकवून हेच तपासले, आणि थेंब वर सरकला नाही. १६८२ साली लेव्हेनहूकने स्नायुतंतूंवरच्या आडव्या रेघा पाहिल्याचे कळवले. आकारमान स्थिर राहण्याचा हा मुद्दा ध्यानात ठेवावा. जिभेचे सगळे कोडे शेवटी त्यावरच येऊन थांबते. पण स्टेनोची नजर आणि माल्पीगीची जीभ यांची गाठ पडायला पुढे तीन शतकांहून अधिक काळ लागला.

एकोणिसाव्या शतकात सूक्ष्मदर्शक सुधारले, रंगद्रव्ये आली आणि दोन्ही वाटा वेगाने लांब गेल्या. १८६७ साली स्वीडनचा ओटो लोवेन आणि जर्मनीचा गुस्ताव श्वाल्बे यांनी स्वतंत्रपणे सस्तन प्राण्यांतल्या रुचिकलिका दाखवल्या. १८७३ साली व्हिक्टर फॉन एब्नरने परिवेष्टित अंकुरकांच्या खंदकात पातळ स्राव सोडणाऱ्या ग्रंथींचे वर्णन केले. त्या आजही त्याच्याच नावाने ओळखल्या जातात, आणि विशेष म्हणजे त्या स्नायूच्या जुड्यांमध्ये शिरून बसलेल्या असतात. हळूहळू पृष्ठभागाचा नकाशा पुरा झाला. जिभेच्या बहुतेक भागावर पसरलेले सूत्राकार अंकुरक शृंगी थराने मढलेले असतात आणि त्यांच्यावर एकही रुचिकलिका नसते, म्हणजे जिभेचा खरखरीतपणा चवीसाठी नसून घास हलवण्यासाठी आहे. छत्राकार अंकुरक मधूनमधून विखुरलेले. मुळाजवळ, इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराच्या खोबणीपुढे, सहसा ८ ते १२ परिवेष्टित अंकुरक. हे काम उत्तम झाले, यात वाद नाही. तरी ज्या पृष्ठभागाला एवढे लक्ष मिळाले, त्याच्याबद्दलच विसाव्या शतकातली सर्वांत टिकाऊ चूक झाली. १९०१ साली हेनिगने चवीच्या संवेदनक्षमतेतले जिभेच्या कडेकडेचे बारीक फरक मोजले. एडविन बोरिंगच्या १९४२ च्या मानसशास्त्राच्या पुस्तकात ते आलेखाच्या रूपात आले, आणि त्यातून ‘टोकाला गोड, मुळाशी कडू’ असा नकाशा शाळेच्या पुस्तकांत जाऊन बसला. १९७४ साली व्हर्जिनिया कॉलिंग्जने पुन्हा मोजून दाखवले की फरक आहेत, पण अगदी किरकोळ. नकाशा मात्र अजून हटत नाही. लक्ष देणे आणि नीट पाहणे यांत अंतर असते.

स्नायूच्या वाटेवरही विसरभोळेपणा काही कमी नव्हता. विल्यम बोमनने १८४० साली ऐच्छिक स्नायूच्या सूक्ष्मरचनेवर मोठा निबंध लिहिला आणि तंतूभोवतीच्या पारदर्शक आवरणाला नाव दिले. ब्रुकेने ध्रुवित प्रकाशात पाहून गडद आणि फिकट पट्ट्यांचा प्रकाशाशी वागण्याचा फरक सांगितला, क्राउझे आणि हेन्झेन यांनी पट्ट्यांच्या आतल्या रेघा ओळखल्या. त्या शतकातल्या काही निरीक्षकांना हेही कळले होते की स्नायू आखडताना गडद पट्टीची रुंदी बदलत नाही, फिकट पट्टी तेवढी अरुंद होते. हे निरीक्षण पुढे जवळजवळ विसरले गेले आणि प्रथिनांच्या साखळ्यांना घड्या पडून स्नायू आखूड होतो, असली कल्पना चालू राहिली. १९५४ च्या मे महिन्यात ‘नेचर’च्या एकाच अंकात अँड्र्यू हक्स्ली आणि रोल्फ नीडरगेर्के यांचा एक, ह्यू हक्स्ली आणि जीन हॅन्सन यांचा दुसरा, असे दोन लेख आले: गडद पट्टी स्थिर राहते, कारण जाड आणि बारीक धागे आपापली लांबी न बदलता एकमेकांवरून सरकतात. एमिलिओ वेराट्टीची कथाही याच जातीची. त्याने १९०२ साली गॉल्जीच्या काळ्या रंजनाने तंतूच्या आत आडवे जाळे दाखवले, ते कोणी फारसे मनावर घेतले नाही, आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने तेच जाळे पुन्हा दाखवल्यावर १९६१ साली त्याचा निबंध भाषांतरित करून पुन्हा छापावा लागला. या सगळ्या घडामोडीत नमुने कोणते वापरले गेले, हे पाहण्याजोगे आहे. १९५४ च्या एका लेखात बेडकाचे एकेकटे तंतू होते, दुसऱ्यात सशाच्या कमरेतल्या लांब स्नायूचे सुटे तंतुक. दोन्ही निवडी योग्यच होत्या. समांतर, लांब, सहज सुटणारे तंतू नसते तर हा शोध लागला नसता. पण नमुना सोयीसाठी निवडला होता, आणि पुढच्या पिढ्यांनी तोच नियम समजून घेतला.

इथे एक रास्त आक्षेप येतो. जिभेतला तंतू घेतला आणि मांडीतला घेतला, तर आतले सार्कोमिअर (पट्ट्यांचे आखडणारे एकक) तेच, धाग्यांतले अ‍ॅक्टिन आणि मायोसिन तेच, कॅल्शियमने आकुंचन सुरू होण्याची रीत तीच. मग जिभेचा स्नायू वेगळा मानायचा कशासाठी? सार्कोमिअरच्या पातळीवर हा आक्षेप पूर्ण खरा आहे, आणि तो मान्य केल्यानेच पुढचा मुद्दा स्पष्ट होतो. स्टेनोने सांगितलेली आकारमानाची स्थिरता सार्कोमिअरलाही लागू पडते: अखंड तंतू आखूड होतो तेव्हा आतल्या धाग्यांमधले आडवे अंतर वाढते, हे क्ष-किरणांच्या विवर्तनाने मोजलेले आहे. म्हणजे तंतू एका दिशेने आखूड होतो, तर दुसऱ्या दिशेने जाड व्हावाच लागतो. दंडात या जाडीचा काही उपयोग नाही. तिथे तंतूची दोन्ही टोके कंडरेमार्फत हाडांना बांधलेली, काम होते ते लांबीच्या दिशेने, आणि बेटकुळी फुगते ती निव्वळ दिसण्यापुरती. जिभेत ही फुकट जाणारी जाडीच कामाची आहे. तोच तंतू, तेच सार्कोमिअर, पण मांडणी बदलल्यावर आडवा फुगवटा हेच यंत्राचे मुख्य उत्पादन होते. भेद रेणूत शोधला तर सापडणार नाही. तो दहापट-चाळीसपट मोठे करून दिसणाऱ्या चित्रात आहे, म्हणजे नेमक्या त्या जागी जी विद्यार्थी घाईने भरून टाकतो.

ती मांडणी अशी. जिभेच्या मध्यातून संयोजी ऊतीचा एक उभा पडदा जातो. त्याच्यापासून निघून दोन्ही कडांकडे जाणारे आडवे तंतू. वरच्या पृष्ठापासून खालच्या पृष्ठाकडे जाणारे उभे तंतू. आणि वरच्या व खालच्या पृष्ठाला लागून टोकाकडून मुळाकडे जाणारे लांबट तंतू. यांतले आडवे आणि उभे तंतू वेगवेगळ्या गठ्ठ्यांत नसतात. बाजेच्या नवारीसारखे ते पातळ थरांनी एकाआड एक विणलेले असतात, आणि हनुवटीच्या हाडापासून पंख्यासारखा वर चढणारा मोठा स्नायूही या विणीत मिसळून जातो. आडवे आणि उभे तंतू एकदम आखडले की जीभ अरुंद आणि पातळ होते. आकारमान बदलता येत नाही, म्हणून ती लांब होते. जीभ बाहेर काढताना हनुवटीकडचा स्नायू तिला पुढे ओढतो हे खरे, पण ओठांच्या पुढे टोक निमुळते होऊन वळते ते या विणीमुळे. विल्यम किअर आणि कॅथलीन स्मिथ यांनी १९८५ साली जीभ, हत्तीची सोंड आणि ऑक्टोपसचे बाहू एका वर्गात घालून हे तत्त्व नीट मांडले: जिथे हाड नाही, तिथे स्नायू स्वतःच आधारही देतो आणि हालचालही घडवतो. माल्पीगी आणि स्टेनो यांच्या वाटा अखेर इथे मिळाल्या. या तत्त्वाने स्लाइडवरच्या दोन-तीन खटकणाऱ्या गोष्टींचाही उलगडा होतो. जिभेच्या आंतरिक स्नायूंचे तंतू हाडावर संपत नाहीत. ते अभिस्तराखालच्या दाट संयोजी थरात रुजतात, आणि काहींच्या टोकांना फाटे फुटलेले दिसतात. वरच्या पृष्ठाखाली अन्ननलिकेत दिसतो तसा सैल, सरकता थर जवळजवळ नसतोच. श्लेष्मल त्वचा स्नायूला घट्ट बांधलेली असते, नाहीतर स्नायू आत आखडला असता आणि पृष्ठ वर सुटे राहिले असते. उलट, जिभेच्या खालच्या बाजूला त्वचा पातळ, सूत्राकार अंकुरकांविना आणि सैल असते. वरचे अंकुरक आणि खालची वीण ही दोन प्रकरणे नव्हेत. घास दाबून फिरवणाऱ्या एकाच यंत्राचे ते दात आणि दट्ट्या आहेत.

भ्रूणातही हीच दुहेरी कुळी दिसते. जिभेचे स्नायू डोक्याच्या मागच्या भागातल्या कायखंडांतून निघून पुढे सरकत येतात आणि येताना आपली बारावी मस्तिष्क-चेता बरोबर आणतात. त्यांना बांधणारी संयोजी ऊती मात्र बव्हंशी चेताशिखेच्या पेशींपासून बनते. पृष्ठभागाच्या संवेदना पाचव्या, सातव्या, नवव्या आणि दहाव्या चेतांत वाटलेल्या. शरीररचनेचे विद्यार्थी ही यादी पाठ करून कंटाळतात, पण ती यादी म्हणजे या अवयवाच्या घडणीचा दस्तऐवजच आहे.

तंतूंचे प्रकार पाहिले की मांडणीचा मुद्दा आणखी पक्का होतो. गोठवलेल्या छेदांवर आम्लता बदलून एटीपेजची प्रक्रिया करण्याची पद्धत ब्रुक आणि कायझर यांनी १९७० साली रूढ केली, आणि मंद व जलद तंतू वेगळे मोजता येऊ लागले. मानवी जिभेच्या आंतरिक स्नायूंवर स्वीडनमधल्या स्टोल आणि सहकाऱ्यांनी २००३ साली हे काम केले. जिभेच्या पुढच्या भागात जलद तंतूंचे प्राबल्य, मागच्या भागात मंद आणि मिश्र स्वरूपाच्या तंतूंचे. टोकाला ‘त’ आणि ‘ल’ उच्चारायचे असतात, मुळाला श्वासमार्ग मोकळा धरून ठेवायचा असतो. अशी वाटणी असावी यात नवल नाही. नवल हे की एकाच नावाच्या स्नायूत पुढे एक प्रमाण आणि मागे दुसरे असते, म्हणजे जिभेचा ‘एक नमुना’ घेऊन सबंध जिभेबद्दल बोलणे धोक्याचे. स्नायुतर्कूंचीही तीच गोष्ट. स्नायू किती ताणला गेला हे कळवणारी ही इंद्रिये मानवी जिभेत नसावीत, असे बराच काळ मानले जाई, कारण मांजरासारख्या प्रयोगशाळेतल्या प्राण्यांच्या जिभेत ती आढळत नव्हती. सिबिल कूपर यांनी १९५३ साली मानवी जिभेच्या आंतरिक स्नायूंत ती दाखवली. जिथे सांधा नाही, कोन नाही, तिथे आपला आकार कसा आहे हे जिभेला कळावे कशावरून, या प्रश्नाचे निदान अर्धे उत्तर त्या स्लाइडांत होते. मांजरावरून माणसाचे अनुमान काढण्याची सवय आणि सशाच्या कमरेवरून जिभेचे अनुमान काढण्याची सवय, दोन्ही एकाच मुशीतल्या.

दुसरा आक्षेप तंत्राचा आहे, आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. छेद हा सपाट आणि मेलेला असतो. फॉर्मॅलिनने ऊती आक्रसते, जुड्यांमधल्या पांढऱ्या फटींपैकी कित्येक या आक्रसण्याच्याच खुणा असतात, आणि गोठवताना चूक झाली तर बर्फाचे स्फटिक तंतूत भोके पाडून रोगाचा भास निर्माण करतात. तीन दिशांची वीण एका प्रतलात कापली की निदान एक दिशा तुकडे होऊन दिसणारच. मग जिवंत माणसात चुंबकीय अनुस्पंदनाने तंतूंची दिशा मोजता येत असताना सूक्ष्मदर्शकाचा आग्रह का? कारण त्या तंत्रातला चित्राचा लहानात लहान घनही स्नायुतंतूच्या जाडीच्या मानाने प्रचंड असतो. जिथे आडवे आणि उभे थर इतके जवळजवळ विणलेले आहेत, तिथे यंत्र दोन दिशांची सरासरी काढते, आणि सरासरी ही अशी दिशा असते जिच्यात एकही तंतू धावत नाही. आयरा सँडर्स आणि लियान्काई मू यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेला मानवी जिभेचा त्रिमितीय नकाशा पाहावा. त्यासाठी त्यांना सूक्ष्म विच्छेदन, संपूर्ण अवयवाचे सलग छेद आणि ‘व्हिजिबल ह्यूमन’ प्रकल्पातल्या प्रतिमा हे सगळे एकत्र आणावे लागले. एकटा छेद अपुरा आहे, हे मान्य. त्यावर उपाय सलग छेदांचा आणि प्रत्येक छेदाचे प्रतल नोंदवण्याचा आहे, छेद सोडून देण्याचा नाही.

महाराष्ट्रात हा वाद केवळ शास्त्रीय राहत नाही. सुपारी, मावा, गुटखा यांनी तोंडाच्या आवरणाखालची ऊती तंतुमय होऊन ताठर होते. १९५२ साली पूर्व आफ्रिकेतल्या भारतीय स्त्रियांमध्ये या रोगाचे वर्णन झाले आणि पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी तो भारतातल्या रुग्णांत नोंदवला. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, रोग मात्र दंतवैद्यांच्या बाह्यरुग्ण विभागांत रोज भेटतो. तोंड उघडत नाही ही त्याची ठळक तक्रार; जीभ पूर्ण बाहेर येत नाही ही तितकीच सूचक. अभिस्तराखालचा थर म्हणजेच आंतरिक स्नायूंची रुजण्याची जागा, हे माहीत असेल तर या दोन्ही तक्रारींचा धागा जुळतो. जिभेच्या कर्करोगात तर हे अधिकच उघड होते. तो पृष्ठावर सुरू होतो, म्हणून पृष्ठाचाच अभ्यास महत्त्वाचा, असे कोणी म्हणेल. पण सैल थराची आडकाठी नसल्याने अभिस्तराची सीमा ओलांडलेला कर्करोग लगेच स्नायूत पोचतो, आणि तिथून मानेच्या ग्रंथींकडे जाण्याचा संभव वाढतो. टाटा मेमोरियल रुग्णालयातून अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, तोंडाच्या प्रारंभिक अवस्थेतल्या कर्करोगासाठी मानेच्या ग्रंथी सुरुवातीलाच काढलेल्या रुग्णांचे ३ वर्षांनी जिवंत असण्याचे प्रमाण ८० टक्के होते. गाठ दिसेपर्यंत थांबलेल्या रुग्णांचे ६७.५ टक्के. त्या चाचणीतले बहुसंख्य कर्करोग जिभेचे होते.

कर्करोगाच्या अमेरिकन संयुक्त समितीच्या २०१८ पासून लागू झालेल्या वर्गीकरणाने याच कारणाने गाठीच्या रुंदीबरोबर तिची खोलीही मोजायला लावली. ५ आणि १० मिलिमीटर हे टप्पे ठरले. त्याच वेळी ‘जिभेच्या बाह्य स्नायूंत’, म्हणजे हनुवटीकडच्या स्नायूसारख्या बाहेरून जिभेत येणाऱ्या स्नायूंत, ‘शिरकाव’ हा जुना निकष वगळला गेला. तेव्हा, मिलिमीटर मोजले की पुरे, कोणता स्नायू हे पाहण्याची गरज उरली नाही, असा तिसरा आक्षेप इथे घेता येतो. उलट, तो निकष गेला तो स्नायू बिनमहत्त्वाचा ठरला म्हणून नव्हे. जिभेच्या कडेला आणि खालच्या बाजूला काही बाह्य स्नायू पृष्ठाच्या इतके जवळ असतात की लहानशी गाठही त्यांच्यात शिरलेली असू शकते, आणि आंतरिक विणीत ते कुठे मिसळतात हे छेदावर सांगणे कठीण. म्हणजे नियम बदलावा लागला तो जिभेच्या सूक्ष्मरचनेमुळेच. आणि मिलिमीटर तरी कुठे स्थिर असतात? शस्त्रक्रियेत गाठीभोवती ठेवलेली निरोगी कड नमुना काढल्यावर लगेच आक्रसते. टाटा मेमोरियलमधल्याच शल्यचिकित्सकांनी २००५ साली कापण्यापूर्वी आणि कापल्यावर मोजून दाखवले की जिभेच्या श्लेष्मल कडेचा पाचव्या भागाहून अधिक हिस्सा कमी होतो. शल्यचिकित्सकाने ठेवलेला एक सेंटिमीटर विकृतिशास्त्रज्ञाच्या टेबलावर आठ मिलिमीटरही भरत नाही, आणि मग रुग्णाला किरणोपचार द्यायचे की नाहीत यावर दोघांत वाद होतो. हे सारे आक्रसणे फॉर्मॅलिनच्या माथी मारता येत नाही, कारण ते नमुना द्रावणात पडण्याआधीच सुरू होते. कापले गेलेले तंतू ताण सुटताच त्यांच्याशी घट्ट बांधलेल्या आवरणाला मागे खेचतात. ते खेचणे लांबट तंतूंच्या दिशेने अधिक होते की आडव्या, हे कळायचे तर नमुन्याचे पुढचे टोक कोणते, छेद कोणत्या प्रतलात घेतला आणि गाठीच्या तळाशी कोणत्या दिशेचे तंतू दिसले, हे अहवालात लिहिलेले हवे. त्याला नवे यंत्र लागत नाही, अहवालाच्या ठरलेल्या साच्यात तीन रकाने वाढवावे लागतात.